हाजींच्या खालची रेघ

४ आबान

दैनंदिनी लिहिण्याचा माझा स्वभाव नाही. पण मशहदहून निघताना मोख्तारी मॅडम म्हणाल्या, "मेहरदाद, आकडे तक्त्यात लिही आणि मनात येईल ते दुसरीकडे कुठेतरी लिही. गेल्या वेळी दोन्हीची खिचडी केली होतीस." म्हणून ही वही. मॅडम माझ्या मार्गदर्शक. कामावरच्या धुळीधुराने होणाऱ्या दम्याच्या बाबतीत आमच्या विद्यापीठात त्यांचा शब्द अखेरचा. माझा प्रबंध केशरावर आहे. फुलं निवडणाऱ्या माणसांना त्यातल्या परागांमुळे दमा होतो का, एवढाच प्रश्न. हंगामात छाती भरते आणि हंगाम सरला की मोकळी होते, असं आकड्यांनी दाखवता आलं की मी पास, आणि आई निदान वर्षभर माझ्या लग्नाचा विषय काढणार नाही.

या केशराच्या गावात उतरलो आहे हाजी सफदरांकडे. आबान महिना म्हणजे केशराचा हंगाम, आणि या दिवसांत अख्खी गल्ली फुलं निवडायला यांच्याच मोठ्या खोलीत बसते, त्यामुळे मला हवी ती सगळी माणसं एका छपराखाली सापडतात. हाजी सत्तरीच्या पुढचे, दाढी पांढरीशुभ्र, खांदे रुंद. बोलणं असं भारदस्त की दर दोन शब्दांनंतर थांबतात, समोर पाहतात, मग पुढचे दोन शब्द. "हे घर... तुमचंच आहे... डॉक्टर." शब्द तोलूनमापून वापरणारी अशी माणसं शहरात आता उरली नाहीत.

चहा झाल्यावर मी फुंकणी काढली. ही वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, वर आकडे. तोंडाला लावून जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. छाती जितकी मोकळी, तितका काटा लांब. हाजी म्हणाले, आधी पाहुणा. मी म्हणालो, छे, आपल्या आधी मी कसा? ते म्हणाले, आपण डोळ्यांवर. मी म्हणालो, आपल्या पायाची धूळ. एकमेकांना मान देण्याचा हा तारोफ इतका लांबला की चहाचा दुसरा पेला गार झाला. शेवटी हाजींनीच फुंकलं. काटा तीनशेवर थांबला. सगळ्या घरानं "माशाल्ला" म्हटलं.

मग मी फुंकलं. आता सत्तरीच्या यजमानापुढे, त्यांच्याच गालिच्यावर बसून, त्यांच्याच घरचं लोणचं खाल्लेल्या तोंडानं मी काही दणकून फुंकणार नव्हतो. दोनशे नव्वदवर सोडून दिलं. हाजी खूश झाले, पाठ थोपटली. अशा बारीकसारीक गोष्टींनीच माणसं जोडली जातात. पुस्तकात हे शिकवत नाहीत.

५ आबान

पहाटे शेतावर. फुलं उमलण्याआधी खुडावी लागतात, म्हणून अंधारातच सगळे कमरेत वाकलेले. उजाडेपर्यंत टोपल्या भरून घरी. मोठ्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर जांभळा ढीग, भोवती गल्लीतली माणसं. प्रत्येक फुलाच्या पोटातल्या तीन लाल काड्या काढायच्या आणि पाकळ्या मागे टाकायच्या. चादरीच्या वरच्या टोकाला हाजी बसतात. खिडक्या घट्ट बंद, कारण वाऱ्यानं काड्या उडतात. बोटं पिवळी, नाकं पिवळी.

संध्याकाळी सगळ्यांना फुंकायला लावलं. मानाप्रमाणे हाजी पहिले. तीनशे. नंतर त्यांचा मुलगा यूनुस. हा पंचक्रोशीतला नावाजलेला पहिलवान. मान माझ्या मांडीएवढी. दोनशे पंचाऐंशी.

मी म्हटलं, पुन्हा फुंका. पुन्हा दोनशे पंचाऐंशी.

"यूनुस, छातीत काही त्रास?"

"नाही डॉक्टर. तुमच्या कृपेनं सगळं ठीक."

त्याची बायको तूबा, दोनशे साठ. फुंकून होताच तिनं अंगणातून हाक मारली, तर तिसऱ्या गल्लीतली शेळी घाबरून परत आली. रोग किती लबाड असतो पाहा. आवाज शाबूत आणि छाती गेलेली. मग गल्लीतले झाडून सगळे, बाया, बापे, न्हावी, मशिदीतला अजान देणारा, एकूण एक तीनशेच्या खाली.

मी शोधायला आलो होतो दोन-चार रोगी. इथे पूर्ण गल्ली आजारी, आणि धडधाकट म्हणाल तर एकटे हाजी.

८ आबान

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नळी बदल."

"बदलली मॅडम. तेच आकडे."

"सत्तरीचा म्हातारा ठणठणीत आणि तिशीचा पहिलवान दमेकरी. तुला काही विचित्र वाटत नाही?"

"विचित्र आहे म्हणून तर प्रबंध होईल."

मॅडम म्हणाल्या, "डोळे उघडे ठेव." डोळे तर उघडेच आहेत.

उदाहरणार्थ, शेतावरून घरी येताना चढ लागतो. चढाच्या मध्यावर तुतीचं झाड आहे. तिथे रोज सगळे थांबतात. तूबाला डोंगर बघायचा असतो. यूनुस बुटाची नाडी बांधायला बसतो. त्याच्या बुटांना नाडी नाही, पण दम लागला हे पहिलवान कसं कबूल करणार? मलीहे खानम, म्हणजे हाजींच्या पत्नी, दर वेळी तिथेच टोपली उतरवून ओढणी नीट करतात. बिचारे हाजी झाडाला हात टेकून, एक शब्द न बोलता, या दुबळ्यांसाठी थांबून राहतात. एवढा मोठा माणूस, पण घाई म्हणून करत नाहीत.

घरी आल्यावर मलीहे खानम कोळशावर इस्फंदाचे दाणे टाकून धूर करतात, नजर लागू नये म्हणून. हाजींच्या डोक्याभोवती सगळ्यात जास्त वेळ फिरवतात. हाजी खोकतात. धूरच तेवढा असतो.

९ आबान

आजारी माणसं समोर असताना नुसते आकडे लिहीत बसणं माझ्या मनाला पटेना. सगळ्यात कमी आकड्यांच्या लोकांना छाती मोकळी करणारे फवारे वाटले. कुणीही नको म्हटलं नाही. दोन्ही हातांनी घेतले, डोळ्यांना लावले.

जेवणानंतर मलीहे खानम स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. हातात पेला, त्यात खडीसाखर आणि त्यांचं स्वतःचं केशर. काही मागायचं असलं की त्या आधी काहीतरी देतात.

"डॉक्टर, माझ्या माहेरी एक म्हातारा आहे," त्या म्हणाल्या. "लांबचा. त्याला पण असंच होतं. पण भलता हट्टी. दमा म्हटलं तर काठी घेऊन मागे लागेल."

"त्याला दमा म्हणूच नका. घशाचं औषध म्हणा."

"घशाचं." त्यांनी मान डोलावली. "आणि ते ओढायचं कसं? अगदी नीट सांगा. मला त्याला दाखवावं लागेल."

मी दोनदा करून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. नवऱ्याकडे एवढी माणसं राबत असताना माहेरच्या लांबच्या म्हाताऱ्याची काळजी करणारी बाई. मी एकाऐवजी दोन फवारे दिले.

११ आबान

देवा, तुझे उपकार! आकडे चढले. यूनुस तीनशे चाळीस, तूबा तीनशे वीस, न्हावी तीनशे तीस. औषध लागू पडलं. गंमत म्हणजे हाजींनी कसलंही औषध घेतलेलं नसताना तेही साडेतीनशेवर गेले. घर निरोगी झालं की निरोगी माणसालाही हुरूप येतो. हे एक वेगळं प्रकरण होईल प्रबंधात.

जुम्म्याच्या कुस्त्यांत यूनुसनं दोघांना आडवं केलं. मी बाजूच्याला सांगितलं, हा माझा रोगी. तो म्हणाला, "याला काय झालंय?" मी म्हणालो, दमा. तो माणूस माझ्यापासून थोडा सरकून बसला.

१३ आबान

आज जे घडलं त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

शेजारच्या गावात कुणीतरी वारलं. हाजी समाचाराला सकाळीच गेले. घर जरा सैल झालं. तूबा गाणं म्हणत होती, न्हावी विनोद सांगत होता. तेही असे की लिहिता येणार नाहीत. फुलं तीच, चादर तीच, खिडक्या तशाच बंद. दुपारी मी फुंकणी फिरवली.

यूनुस, सहाशे चाळीस. काटा टोकाला आदळला. तूबा चारशे ऐंशी. अजान देणारा पाचशे दहा. त्याला मी विचारलं, "काय केलंत आज?" तो गोंधळला. "काही नाही," म्हणाला. "फुंकलं."

एका सकाळीत अख्खी गल्ली बरी झाली. जगात असा दमा नाही.

संध्याकाळी हाजी परतले. काठीचा आवाज दारात आला आणि चादरीभोवती सगळे सावरून बसले. पुन्हा मोजलं. हाजी तीनशे वीस. यूनुस तीनशे दहा. तूबा दोनशे नव्वद.

फुलं तीच, माणसं तीच. बदललं काय? एकच गोष्ट. हाजी.

१४ आबान

रात्रभर विचार केला आणि निष्कर्षावर आलो. कारण केशर नव्हेच. कारण हाजी आहेत.

म्हणजे त्यांच्या अंगावरचं काहीतरी. त्यांचा तो जुना लोकरीचा अंगरखा, किंवा दाढीला लावतात ते गुलाबाचं अत्तर, किंवा काठीला चोळायचं तेल. ते खोलीत आले की माणसांच्या छात्या आवळतात आणि गेले की सुटतात. याहून स्वच्छ पुरावा कुठला? आणि स्वतः हाजींना त्याची सवय झालेली, म्हणून ते ठणठणीत.

दुपारी हाजी जरा आडवे झाले असताना खुंटीवरच्या अंगरख्याची थोडी लोकर कात्रीनं काढून बाटलीत भरत होतो. मागे वळलो तर मलीहे खानम.

"डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "लोकर हवी तर घरात पोतंभर आहे. नवऱ्याचा अंगरखा का कातरताय?"

मी म्हणालो, आठवण म्हणून. रात्रीच्या जेवणात माझ्या ताटात नेहमीपेक्षा मोठं हाड होतं. बहुतेक त्यांना माझी दया आली.

मॅडमना सविस्तर संदेश पाठवला. उत्तर आलं, "काही कातरू नकोस. मी येते."

१७ आबान

फुलांचा भर आहे. ढीग माझ्या कमरेपर्यंत. खोलीत परागांचा पिवळा धुरळा दिसतो. तीन दिवसांत सगळ्यांचेच आकडे घसरले. आज हाजी दोनशे चाळीस, म्हणजे बाकीचे दोनशे तीस. हाजींची वाणी आणखीनच भारदस्त झाली आहे. आता एकेका शब्दानंतर थांबतात.

मॅडम अकराच्या सुमारास आल्या. काळी गाडी, काळी बॅग, काळा चष्मा. दारात त्यांचा आणि हाजींचा तारोफ झाला. आधी कुणी आत जायचं यावर दोघंही हटेनात, शेवटी एकदमच शिरले आणि चौकटीत अडकले. मॅडमनी तासभर नुसतं पाहिलं. कोण कुठे बसतं, कोण कधी फुंकतं. मग सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "मेहरदाद, तू फुंक."

मी फुंकलं. दोनशे तीस.

"चल, जरा बाहेर ये."

मागच्या अंगणात फेकलेल्या पाकळ्यांचा ढीग आहे, तिथे गेलो. त्यांनी फुंकणी माझ्या हातात दिली. "आता फुंक."

सहाशे वीस.

"लवकर बरा झालास," मॅडम म्हणाल्या.

मी आत जाणूनबुजून हळू फुंकलं नव्हतं. म्हणजे हळूच फुंकलं होतं, पण त्यात ठरवण्यासारखं काय होतं? हाजींचा काटा जिथे थांबला त्याच्यापुढे आपला कसा न्यायचा? तेवढं अंगातच असतं. ताटातला शेवटचा घास आपण उचलत नाही, तसं.

आणि मग माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला, जो दोन आठवडे अख्ख्या घरात पडलेला होता. यूनुस. तूबा. न्हावी. बिननाडीचे बूट. माहेरचा लांबचा म्हातारा.

"मॅडम, यांच्यातलं कुणीच आजारी नाही."

"एक आहे," मॅडम म्हणाल्या. "सत्तरीच्या त्या बांध्याच्या माणसाचा काटा साडेचारशेपर्यंत जायला हवा. पहिल्या दिवशी तीनशे पाहून तुला काय वाटलं?"

"वयाच्या मानानं बरं वाटलं."

"वयाच्या मानानं नव्हे, मानाच्या मानानं," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. साऱ्या गल्लीतला एकमेव रोगी मी निरोगी म्हणून नोंदवला, त्याच्या मापानं बाकीच्यांना आजारी ठरवलं, आणि वर त्याचा अंगरखा कातरला. रोज माझ्यासमोर एका माणसाचा श्वास कोंडत होता आणि मी त्याला वाणी म्हणत होतो. फार लाज वाटली.

मलीहे खानमना विचारलं. त्या पाकळ्यांच्या ढिगाकडे पाहत म्हणाल्या, "चार हंगाम झाले. दर हंगामात वाढतंय. सांगायचं कुणी? वरच्या टोकाला त्यांचे वडील बसत, त्यांच्या आधी आजोबा. तिथून उठवलं तर ते तसेच मरतील. नाही उठवलं तर..."

मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी मी बोलते. मीही मान डोलावली. यजमानाला त्याच्याच घरात, भर कामात, आजारी कसं म्हणायचं? सकाळी शांतपणे बोलू असं ठरलं.

१८ आबान

सकाळपर्यंत थांबायला नको होतं.

काल संध्याकाळी, मॅडम नमाजासाठी आतल्या खोलीत गेल्या असताना, मी चादरीच्या खालच्या टोकाला बसलो होतो. हाजी काहीतरी सांगायला लागले आणि पहिल्या शब्दावरच अडकले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. खांदे वर-खाली होऊ लागले. छातीतून शिट्टीसारखा आवाज. ओठ निळसर.

आणि खोलीत कुणीही वर पाहिलं नाही. सगळ्यांची बोटं चालूच. उलट जास्त भराभर. तूबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती फुलामागून फूल सोलत होती. मोठ्या माणसाची अशी वेळ बघायची नसते, त्याला चोरून सावरू द्यायचं असतं. मलाही तेच शिकवलंय. मीही क्षणभर मान खाली घातली. हे लिहायला नको वाटतं, पण घातली.

मग मला भीती वाटली. खरीखुरी. हा माणूस आमच्या सभ्यतेपायी आमच्यासमोर मरेल, आणि आम्ही सगळे फुलांकडे पाहत असू.

उठलो आणि चादरीवरून, फुलांवरून, बूट नव्हते पण पायमोजे होते, तसाच चालत गेलो. केशर तुडवलं म्हणून कुणीतरी हळहळलं. "यूनुस, यांना उचल."

यूनुस जागचा हलेना. "बाबांना? उचलू?"

"दर जुम्म्याला दोघांना उचलतोस. आता बापाला उचल, गाढवा!"

या घरात मी पहिल्यांदाच कुणाला अरे म्हटलं. यूनुसनं वडिलांना लहान पोरासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि अंगणात नेलं. थंड हवा. फवारा, पुन्हा फवारा, मॅडमनी धावत येऊन टोचलेलं इंजेक्शन. मलीहे खानम इस्फंदाची कढई घेऊन आल्या. ती मी हातातून काढून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवली. त्या भांडल्या नाहीत. हळूहळू शिट्टी विरत गेली. मॅडम म्हणाल्या, शहरातल्या इस्पितळात चला. हाजींनी बोट हलवून नको म्हटलं. मॅडमनी बोट हलवून चला म्हटलं. रात्र इस्पितळात काढली. यूनुस बाहेरच्या बाकावर बसून होता. मला म्हणाला, "डॉक्टर, फार हलके झालेत ते. मला माहीतच नव्हतं."

२० आबान

हाजी परत आले. मॅडमनी त्यांना स्वच्छ सांगितलं, "तुम्हाला केशराच्या फुलांचा दमा आहे. त्या खोलीत बसणं म्हणजे रोज थोडं विष घेणं." हाजी म्हणाले, "घरात... एवढे सगळे... आजारी. मी एकटा... पळून जाऊ?"

शेवटी मीच म्हणालो, "हाजी, घरात कुणी आजारी नाही. ते तुमच्यापुढे जोरात फुंकत नाहीत."

हाजींनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी जमिनीकडे. मग त्यांनी अंगणात खाट टाकायला लावली, अख्खी गल्ली बोलावली आणि फुंकणी मागितली. "आज जो... हातचं राखेल... त्यानं मला... शिवी दिली... असं समजेन."

न्हाव्यानं आधी फुंकलं. घाबरत घाबरत, पाचशे. अजानवाला, पाचशे वीस. तूबानं डोळे मिटून फुंकलं. चारशे नव्वद. यूनुस पुढेच येईना. हाजींनी काठी उगारली तेव्हा आला, आणि त्यानं काटा टोकाला आदळवला. शेवटी मलीहे खानम. त्यांनी नळी ओढणीनं पुसली, नवऱ्याकडे पाहिलं आणि चारशे दहा फुंकलं.

मग हाजींनी फुंकलं. दोनशे सत्तर.

त्यांनी यूनुसच्या पायांकडे पाहिलं. "तुझ्या बुटांना... नाडी नाहीये."

"नाही बाबा."

"आणि तूबा... डोंगर."

"तोच आहे रोज, बाबाजान. काय बघायचंय त्यात," तूबा म्हणाली आणि रडायला लागली.

"चार वर्षं," हाजी म्हणाले. "मला वाटायचं... पोरं नाजूक... निघाली. काळजी... करायचो मी. माझ्या मागे... यांचं कसं होणार." आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. या वेळी कुणीही खाली पाहिलं नाही. सगळे धावले. यूनुसनं पाणी आणलं, न्हाव्यानं पाठ चोळली, तूबानं फवारा तोंडाला लावला, आणि गर्दी इतकी झाली की मला त्यांना हवा लागावी म्हणून सगळ्यांना हाकलावं लागलं.

वरच्या टोकाचा प्रश्न उरला. हाजी पत्नीला म्हणाले, तू बस. मलीहे खानम म्हणाल्या, छे, माझी काय लायकी. दुसऱ्यांदा म्हणाल्या, देव तुमची सावली कायम ठेवो. तिसऱ्यांदा म्हणाल्या, लोक काय म्हणतील. चौथ्यांदा विचारण्याआधीच त्या जाऊन बसल्या होत्या, आणि यूनुसला म्हणत होत्या, "काडी अर्धी तोडतोस. मी गप्प होते म्हणून."

हाजींची खाट बाहेर अंगणात, खिडकीच्या काचेला लागून. आत कुणाचा हात मंदावला की ते काठीनं काच ठोकतात.

२६ आबान

मॅडमच्या हुकमानं सगळी गल्ली नव्यानं मोजली, एकेकाला बंद दारामागे एकटं घेऊन. चाळीस दमेकऱ्यांचा माझा शोध पाण्यात गेला. पण खरे दोन सापडले. एक विधवा आजी, जी खरोखर हळू फुंकत होती आणि जिला वाटत होतं की आपली अदब इतरांहून चांगली आहे. आणि दुसरा अजानवाल्याचा भाऊ. त्यांनाही हाजींच्या शेजारी, काचेबाहेर जागा मिळाली. मॅडम म्हणाल्या, "तीन खरे आहेत. यावर काम कर. आणि मोजण्याच्या पद्धतीबद्दल स्वतंत्र प्रकरण लिही. उदाहरण म्हणून स्वतःलाच घे."

८ आझर

हंगाम संपून दहा दिवस झाले. निघण्यापूर्वी शेवटची मोजणी. अंगणात सगळे जमले. हाजींनी पाय रोवले, फुंकलं. चारशे तीस. तूबाच्या आरोळीनं शेळ्या पळाल्या.

"आता डॉक्टर," हाजी म्हणाले.

मी पूर्ण जोर लावला. निदान मला तरी वाटतं, लावला. काटा चारशे वीसवर थांबला.

हाजींनी नळी हातात घेतली, नाकासमोर धरून वाचली, आणि मग एका दमात, कुठेही न थांबता म्हणाले, "काय रे मेहरदाद, माझं मीठ खाल्लंस, माझा अंगरखा कातरलास, माझ्या केशरावर पायमोजे घालून नाचलास, माझ्या मुलाला माझ्यादेखत गाढव म्हणालास, तेव्हा कुठे गेली होती तुझी अदब, आणि आता नेमकी या नळीतच बरी उगवली? पुन्हा फुंक, आणि या वेळी मला सहाशेच्या खाली दिसलं तर बस तुझ्याविना जाईल, मलीहे तुला आणखी महिनाभर जेवू घालेल, आणि तुझ्या आईला मी स्वतः फोन करून सांगेन की गल्लीत तीन मुली लग्नाच्या आहेत..."

मी फुंकलं. सहाशे तीस. हाजी थांबले नाहीत. त्या तीन मुलींच्या आजोबांबद्दल सांगितलं, मग त्या आजोबांच्या खेचराबद्दल, मग ते खेचर विकत घेताना झालेल्या भांडणाबद्दल. कसला भारदस्तपणा आणि कसली तोलूनमापून वाणी. इतका बडबड्या म्हातारा मी उभ्या खोरासान प्रांतात पाहिलेला नाही. मलीहे खानम खांबाला टेकून ऐकत होत्या. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असणार, पण गेल्या चार वर्षांत अशी एका दमात नाही.

बस चुकली. उद्याच्या बसनं जाईन. खेचराची गोष्ट अजून संपलेली नाही.